लिहून त्रास वाढतोय, मग वही बंद करू का?

पत्र

३३ वर्षे सरकारी बसवर कंडक्टर होतो, बहुतेक काळ निपाणी-बेळगाव. गेल्या ३१ मे रोजी निवृत्त झालो. बेळगावातली भाड्याची खोली सोडून गावी आलो. त्याच महिन्यात पुण्यात मुलाला मुलगा झाला म्हणून मंडळी तिकडं गेली, ती अजून तिकडंच आहे. गावात धाकट्या भावाच्या घरी राहतो, काही कमी नाही. पण पहाटे चारला जाग येते आणि पुढं दिवस सरत नाही. मुलीनं तारखांची डायरी आणून दिली, म्हणाली, ‘आप्पा, रोज मनात येईल ते लिहा, मोकळं वाटेल.’ तीन आठवडे रोज रात्री जेवून लिहिलं. मोकळं काही वाटलं नाही. रोज तेच तेच उतरायचं, लिहून उठलो की छाती भरून यायची, मग बारा-एकपर्यंत झोप नाही. घरात पोरंबाळं आहेत, कोण वाचंल सांगता येत नाही. आणि ड्युटीवर सगळं कन्नडात, घरी मराठी. लिहायला बसलं की दोन्ही येतं. वही कायमची बंद करू, की माझंच काही चुकतंय? मुलगा म्हणतो पुण्यालाच या. त्याचंही ठरंना झालंय.

— एक निवृत्त कंडक्टर, निपाणी भाग

उत्तर

काका, नमस्कार.

वही बंद करू नका. रात्री लिहिणं मात्र आजपासून बंद करा. मुलीनं मायेनं सांगितलं, पण ‘रोज लिहा, मनात येईल ते लिहा’ हा सल्ला अर्धाच आहे. कुठल्या वेळी लिहायचं, किती वेळ, कशाबद्दल आणि कुठं थांबायचं, हा उरलेला अर्धा सहसा कुणी सांगत नाही, आणि त्रास नेमका तिथं होतो.

त्याआधी एक काम. छाती भरून येते ती मनामुळंच, असं धरून चालू नका. साठीच्या माणसानं आधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्यावा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं, याच आठवड्यात. छातीवर दाब येऊन घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, धाप लागली, तर घरच्यांना हाक मारायची आणि लगेच १०८ ला फोन करायचा. ‘ग्यास झाला असंल’ म्हणून बसून राहायचं नाही. तपासणी ठीक निघाली की पुढचं वाचा.

तुम्हाला त्रास का झाला ते आधी बघू, कारण ते कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहिलं की लगेच हलकं वाटत नाही, जडच वाटतं. यावरचा पहिला गाजलेला प्रयोग १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी केला. कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना आयुष्यातला वाईट प्रसंग नुसता घडला तसा लिहायला सांगितला, काहींना फक्त त्या वेळच्या भावना, काहींना दोन्ही एकत्र. दोन्ही एकत्र लिहिणारी मुलं उठताना जास्त खिन्न होती, त्यांचा रक्तदाबही तेवढ्यापुरता वाढला होता. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा त्यांच्याच कमी राहिल्या. तेव्हा जडपणा यायचाच. बहुतेकांचा तो तास-दोन तासांत उतरतो, हाताला काम असलं तर लवकर. तुम्ही तो जडपणा घेऊन थेट अंथरुणावर जात होता. रात्री ना बोलायला कोणी, ना करायला काही. मग बारा-एक वाजणारच.

दुसरं कारण ‘तेच तेच उतरायचं’ या तुमच्या तीन शब्दांत आहे. पुढं पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचं लिखाण शब्दशब्द मोजून तपासलं. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येतंय’ अशा जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा झालेला दिसला. पहिल्या दिवशी जिथं होते तिथंच शेवटच्या दिवशी राहिलेल्यांना तसा झाला नाही. एकच दुःख त्याच शब्दांत रोज लिहिणं म्हणजे ते उगाळणं. बसल्या बसल्या उगाळतो तेच हाताला पेन घेऊन केलं, एवढाच फरक. २०१३ साली नुकत्याच विभक्त झालेल्या नवरा-बायकोंवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘असं का झालं’ याचाच सतत विचार करणाऱ्यांना मन मोकळं करणारं लिखाण उलट बाधलं. त्याच स्वभावाच्या ज्या लोकांनी रोज काय केलं याची साधी नोंद लिहिली, ते जास्त लवकर सावरले. तुमचं पत्र वाचून आम्हाला वाटतं की तुम्हीही मनात घोळवत राहणारे आहात. म्हणून आम्ही तुम्हाला नोंद आधी सांगतो आणि मन मोकळं करायचं लिखाण मागनं, तेही मोजकं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लिहिण्याचा गुण सरासरीनं लहान असतो. २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. फायदा खरा निघाला, पण थोडा. वहीनं घर भरणार नाही आणि काकूही परत येणार नाहीत. एक गुंता सुटा करून समोर ठेवायला ती मदत करते. त्यातला कुठला धागा आधी ओढायचा ते मग दिसतं.

रात्रीची पाच मिनिटं

रात्री लिहायचंच असेल तर फक्त उद्याची कामं. पाच मिनिटं, त्यापुढं नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर हे तपासलं होतं. उद्याच्या कामांची यादी करून झोपणारे, दिवसभरात काय केलं ते लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी बारीक, तितकी झोप लवकर. अभ्यास तरुणांचा असला तरी साठीत करून बघायला काही बिघडत नाही. ‘बँकेचं काम’ असं मोघम लिहू नका. ‘सकाळी साडेदहा, बँक, पासबुक भरून घेणं, पी.एफ.चे पैसे जमा झाले का बघणं, सोबत आधार’ असं लिहा. पेन्शन सुरू असेल तर हयातीच्या दाखल्याची तारीख, गोळ्या संपायची तारीख, भावाच्या पोराच्या फीची तारीख, हे सगळं याच यादीत. मुलीनं दिलेली डायरी या कामाला अगदी योग्य आहे. इतर लिखाणाला ती वापरू नका. तारखेची कोरी पानं मागं राहिली की माणूस त्यांच्याकडं बघून हिरमुसतो आणि तीन दिवस चुकले की वहीच सोडून देतो.

नोंद: संध्याकाळी, सहा ओळी

यासाठी दुकानात मिळणारी साधी १०० पानी रेघी वही पुरे. रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला, चहा झाल्यावर, सहा ओळी. उठलो किती वाजता. कुठं गेलो. कुणाशी बोललो, समोरासमोर की फोनवर. हातानं काय काम केलं. अंग कसं होतं: भूक, गुडघा, झोप. आणि शेवटी दिवसाला दहापैकी एक आकडा. मन, दुःख, आठवण यांतलं काही या वहीत लिहायचं नाही. ‘उठलो ४.१०. पारावर गेलो. बसाप्पा डॉक्टरांविषयी बोलला. गोठ्याचं पत्रं बसवायला हात लावला. दुपारी झोपलो दीड तास. आकडा ५.’ एवढंच.

हे कोरडं वाटेल. पण तुम्ही आयुष्यभर वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरलंय, त्यामुळं याची किंमत दुसऱ्या कुणाला सांगावी लागेल, तुम्हाला नको. संकेश्वर आलं की तिथला हिशेब तिथं बंद, हत्तरगीला हत्तरगीचा, यमकनमर्डीला तिथला. बेळगावला पोचल्यावर निपाणीपासूनचं सगळं आठवून लिहीन म्हटलं असतं तर रोज रक्कम कमी आली असती, आणि वाटेत चेकिंगवाले चढले असते तर जबाबही द्यावा लागला असता. दिवसाचंही तसंच आहे: त्या दिवसाचा हिशेब त्याच संध्याकाळी मिटला की दुसऱ्या दिवसावर त्याचा बोजा पडत नाही.

दर रविवारी सकाळी दहा मिनिटं काढून मागचे सात दिवस वाचा. सहाच्या वर आकडा असलेल्या दिवसांखाली रेघ मारा आणि त्या दिवशी काय वेगळं होतं ते बघा. चारच्या खालच्या दिवसांचंही बघा. सहसा दोन-तीन गोष्टी परत परत निघतात: त्या दिवशी कुणाशी तरी बोलणं झालेलं असतं, घराबाहेर दोन तास गेलेले असतात, किंवा दुपारची झोप तासाच्या वर गेलेली असते. जे चांगल्या दिवशी सापडलं ते पुढच्या आठवड्यात वार आणि वेळ लावून ठेवा. मानसोपचारात उदासीवर ही पद्धत रीतसर वापरली जाते. मन लागेपर्यंत वाट बघायची नाही. काम आधी करायचं, मन त्याच्या मागनं येतं.

ही नोंद दोन आठवडे आधी करा. बैठका त्यानंतर.

चार बैठका

मोकळं व्हायचं लिखाण आयुष्यभर रोज करायचं नसतं. चार वेळा बसायचं, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं, मोबाईलवर घंटा लावून. एक दिवस आड बसलात तर बरं. वेळ सकाळी साडेनऊ-दहाची: आंघोळ, न्याहारी झालेली असावी, ऊन आलेलं असावं. पहाटे चारला बसू नका. त्या वेळी बऱ्याच जणांचं मन दिवसातलं सर्वांत खाली असतं. लिहून झाल्यावर करायचं काम आधीच ठरवून ठेवा: दळण, शेतावर चक्कर, बाजार. कोपऱ्यात बसून विचार करत राहायला जागा उरता कामा नये.

यासाठी वही नको, सुटे कागद घ्या. का ते पुढं सांगतो.

पहिल्या बैठकीत शेवटची ड्युटी लिहा. ‘निवृत्त झालो, वाईट वाटलं’ हे लिखाण उगाळायच्या वाटेला जातं. कुठली गाडी, कितीची, तवंदी घाटात ऊन होतं की ढग, डेपोत तिकिटाचं मशीन आणि बॅग कुणाकडं जमा केली, सही कुठं केली, सत्काराचा हार कुणी घातला, घरी कसे आलात, हे सगळं क्रमानं. आणि घडलेल्या प्रत्येक गोष्टीमागं त्या वेळी आत काय झालं त्याचं एक वाक्य. नमुना म्हणून:

‘बॅग टेबलावर ठेवली. क्लार्कनं मोजून घेतलं, सही झाली, पाच मिनिटांत झालं सगळं. मला वाटलं कोणीतरी थांब म्हणंल. बाहेर आलो, गाड्या लागल्या होत्या, आता कुठल्या गाडीत चढायचं कळंना. तिकीट काढून बसायची लाज वाटली.’

असं उतरलं की समजा बैठक बरोबर चाललीय. भाषा शुद्ध असायची गरज नाही, तुमच्या तोंडात येते तशी लिहा.

दुसऱ्या बैठकीत नेमकं काय गेलं ते सुटं करा. निवृत्तीत एकच गोष्ट जात नाही, आणि तुमच्याबाबतीत तर तीन बदल एका महिन्यात आले: काम सुटलं, शहर सुटलं, काकू लांब गेल्या. या तिन्हींचं दुःख एकात एक मिसळलंय, म्हणून ते ‘तेच तेच’ वाटतं. कागदाला तीन भाग करा आणि प्रत्येकात लिहा. कामाबरोबर काय काय गेलं: पगार, घड्याळ, खाकी कपडे, ‘कंडक्टर’ म्हणून मारलेली हाक, स्टँडवरचा सोबत्यांबरोबरचा चहा, दिवसभरचं उभं राहणं. आणि त्याच भागात हेही लिहा की काय गेलं ते बरं झालं. सुट्ट्या पैशांची भांडणं, कमी आलेली रक्कम खिशातून भरणं, ११ जून २०२३ ला बायकांना मोफत प्रवास सुरू झाल्यावर दाराला लोंबकळणाऱ्या गर्दीतनं वाट काढणं, सणाच्या दिवशी घराबाहेर असणं. बरं वाटलेलं लिहायला माणसं बिचकतात. ते लिहिलं नाही तर गेलेली नोकरी मनात होती त्याहून मोठी होऊन बसते.

तिसरी बैठक सर्वांत अवघड, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगाची. त्या दिवशी ‘मी’ हा शब्द वापरायचा नाही. स्वतःला ‘तो’ म्हणा किंवा स्वतःचं नाव घ्या. ‘तो पहाटे चारला उठतो. घरात सगळे झोपलेले असतात. तो भांड्याचा आवाज न करता पाणी पितो.’ स्वतःकडं असं बाहेरून बघितलं की भावनेचा ताप कमी होतो आणि विचार सरळ चालतो; मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांत हे दाखवलंय. दहा मिनिटं असं लिहा. उरलेली पाच मिनिटं काकूंच्या बाजूनं. साठीला आलेली बाई, परक्या शहरातला फ्लॅट, रात्री तान्हं बाळ, दिवसा सून कामावर, शेजारी कोण राहतं माहीत नाही. त्यांचाही मुक्काम हललाय. पत्रात तुम्ही ‘मंडळी तिकडंच आहे’ एवढंच लिहिलंय, त्यांना तिथं कसं वाटतं ते लिहिलेलं नाही. बहुतेक विचारलेलं नसेल.

चौथ्या बैठकीत आधीचे तिन्ही कागद एकदा वाचा आणि मग लिहा. या वेळी निदान पाच वाक्यांत ‘कारण’, ‘त्यामुळं’ किंवा ‘आता कळतंय’ यायला हवं. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा आणि या आठवड्यात करायची एकच गोष्ट लिहा: वार, वेळ, कुणाबरोबर. ‘स्वतःला गुंतवून ठेवीन’ हे चालणार नाही. ‘बुधवारी अकराच्या गाडीनं संकेश्वरला, जुन्या ड्रायव्हर दोस्ताकडं’ हे चालेल.

नोकरी गेल्यावर लिहिण्याचा उपयोग होतो का, हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलं होतं. कंपनीनं कमी केलेल्या अनुभवी इंजिनिअरांपैकी काहींना पाच दिवस, रोज वीस मिनिटं नोकरी गेल्याबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा त्यांच्यातल्या जास्त जणांना काम मिळालं. त्यांनी अर्ज जास्त केले होते असं काही नव्हतं. मनातला राग कागदावर उतरल्यानं मुलाखतीत तो बाहेर पडला नसावा, असा संशोधकांचा कयास होता. तुम्हाला मुलाखत द्यायची नाही, पण रोज भावाच्या घरी जेवायला बसायचंय आणि आठवड्यातनं मुलाशी बोलायचंय. राग असेल तर तिथंच निघतो.

प्रत्येक बैठकीत तीन आकडे मांडा: बसण्याआधी मन दहापैकी किती, उठताना किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती. उठतानाचा आकडा खाली येईल, त्याला घाबरू नका. दुसऱ्या दिवशीचा आकडा खरा. लागोपाठ दोन बैठकांनंतर तो पहिल्या आकड्याच्या खाली राहिला तर बैठका थांबवा आणि नुसती नोंद चालू ठेवा. हे लिखाण सध्या तुम्हाला मानवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तसंच, एखादा विषय लिहायला घेतला आणि हात थरथरायला लागला, श्वास चढला, तर तो विषय तिथंच सोडा. तो आजच लिहिला पाहिजे अशी सक्ती नाही.

कन्नड की मराठी

आपल्याकडं भाषेचा प्रश्न लगेच मोठा होतो. या कागदांवर त्याला मोठं होऊ देऊ नका. जे वाक्य ज्या भाषेत मनात आलं ते त्या भाषेत लिहा; साहेबाचं बोलणं कन्नडात झालं असेल तर कन्नडातच, लिपी हाताला येईल ती. एका ओळीत दोन्ही आल्या तरी बिघडत नाही. एक फरक मात्र कामाचा आहे. लहानपणापासूनच्या भाषेतले शब्द सहसा मनाला जास्त भिडतात, नंतर शिकलेल्या भाषेत थोडं अंतर राहतं. म्हणून एखादी गोष्ट मराठीत लिहवेना इतकी जवळची वाटली तर ती आधी कन्नडात लिहून बघा. पुढच्या बैठकीत मराठीत लिहिता येईल.

कन्नडात लिहिलं म्हणजे कुलूप लागलं, असं मात्र समजू नका. घरातली पोरं शाळेत कन्नड शिकतात, ती तुमच्यापेक्षा भराभर वाचतील.

कोण वाचंल

सुटे कागद याचसाठी. चार बैठका होईपर्यंत ते पाकिटात घालून ट्रंकेत, किल्ली तुमच्या कडदोऱ्याला किंवा खिशात. चौथी बैठक झाली, एकदा वाचून झालं, की बंबात घाला. कागद जपून ठेवल्यानं गुण वाढतो असं नाही. काम लिहिताना होऊन गेलेलं असतं. नोंदवही आणि तारखेची डायरी उघडी राहिली तरी चालेल, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. कोणी विचारलंच काय लिहिता म्हणून, तर ‘दिवसाची नोंद ठेवतोय’ म्हणा, ते खरंच आहे.

कुणावर राग असेल, एखाद्या अधिकाऱ्यावर, भावावर, मुलावर, तर त्याला पत्र लिहिल्यासारखं लिहा, पण पाठवू नका. त्याचा फोटो काढून निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याचा मोह होतो; तिथं गेलेलं परत घेता येत नाही आणि दोन दिवसांत ते ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत पोचतं.

कुठं अडतं

तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं की पेन थांबवा, त्या वाक्याखाली रेघ मारा आणि पुढं लिहा: ‘म्हणजे नेमकं काय?’ उत्तरात जागा, वेळ आणि माणूस आला पाहिजे. ‘मला कोणी विचारत नाही’ याखाली ‘म्हणजे नेमकं काय’ लिहिल्यावर बहुधा असं निघतं: ‘काल बियाणं आणायचं ठरलं तेव्हा भावानं मला न विचारता पोराला पाठवलं.’ याच्यावर काहीतरी करता येतं. उद्या भावाला म्हणता येतं, ‘पुढच्या खेपेला मी जातो.’

चुकलेल्या दिवसांची नोंद मागनं भरू नका. आठवून लिहिलेला दिवस खोटा असतो, आणि राहिलेल्या पानांचा बोजा मनावर बसतो. आजच्या तारखेपासून सुरू करायचं.

दारू घेतली असेल त्या दिवशी बैठक नको. आणि लिहिणं बोलण्याच्या जागी येऊ देऊ नका. ही चूक तुमच्या वयाच्या पुरुषांच्या हातून फार होते: सगळं कागदावर उतरतं आणि ज्या माणसाला सांगायचं त्याला पत्ताच नसतो. तिसऱ्या बैठकीत काकूंबद्दल जे लिहाल त्यातलं एक वाक्य त्याच दिवशी फोनवर सांगा. नातवाचं दूध-झोप विचारून झाल्यावर फोन ठेवायच्या आधी, ‘तू नसलीस की पहाटे उठून काय करावं कळत नाही’ एवढं म्हटलं तरी पुरे. त्यांना ते ऐकायचंच असेल.

पहाटेच्या जागेचं थोडक्यात. ३३ वर्षं पहिल्या गाडीला उठणारं शरीर सात महिन्यांत विसरत नाही. अंथरुणात लोळत विचार करू नका. उठा, तोंड धुवा, उजाडलं की तासभर बाहेर चाला. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत. रात्री झोपायची वेळ आठवड्याला पंधरा मिनिटांनी पुढं न्या.

आणि काही गोष्टींना वही पुरत नाही. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन खाली असेल, आवडीच्या गोष्टीतही रस वाटेना, जेवण-झोप बिघडली असेल, पिणं वाढलं असेल, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार एकदा जरी आला असेल, तर लिहिण्यावर अवलंबून राहू नका. मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणाऱ्या टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, भाषा निवडता येते. प्रत्यक्ष दाखवायचं तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. उदासीला औषध असतं आणि साठीतही ते लागू पडतं. शेवटचा विचार मनात असेल तर आज रात्रीच फोन करा आणि घरात भावाला सांगून ठेवा.

पुण्याचं

हा निर्णय आत्ता घेऊ नका, आणि एका बैठकीतल्या लिखाणावरून तर मुळीच नको. बदलाच्या मधल्या काळात माणसाला जुनं सगळं गोड वाटतं नाहीतर नवं सगळं सुटका वाटते. चौथी बैठक झाल्यावर महिनाभर थांबा. त्या महिन्यात तीन वेगवेगळ्या दिवशी, आधीचं न बघता, एका कागदावर दोन रकाने करा: गावी राहिलो तर, पुण्याला गेलो तर. तिन्ही कागद शेवटी शेजारी ठेवा. जी कारणं तिन्हींत आली ती धरा, एकदाच आलेली सोडून द्या. पैशाचं, औषधपाण्याचं, मुलाच्या घरात तुम्ही दोघं झोपणार कुठं याचं, सून काय म्हणते याचं उत्तर लिहून मिळणार नाही, ते त्यांना विचारावं लागेल.

दरम्यान पंधरा दिवस पुण्याला राहून या. निपाणीत हायवेवर गाडी मिळते, रात्रीचा प्रवास टाळा. नोंदवही बरोबर न्या आणि तिथंही संध्याकाळी त्याच सहा ओळी लिहा. परत आल्यावर पुण्याचे दोन रविवार आणि गावचे दोन रविवार समोर ठेवून वाचा: कुठं किती जणांशी बोललात, कुठं हाताला काम होतं, कुठं झोप लागली. पुढचं बोलणं मुलाशी आणि काकूंशी एकत्र बसून करा, वही समोर ठेवून.